जीपचे पुढचे ब्रेक

आमच्या वस्तीवर लिंबाखाली एक जीप उभी असते. महिंद्राची सीजे ५००, डिझेल. थोरल्या भावानं ती १९८६ साली घेतली तेव्हाच ती जुनी होती. तिचं इंजिन बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, त्यामुळं आवाजही ट्रॅक्टरचाच. घाटाच्या चढाला लागली की वस्तीवरची माणसं न बघता सांगायची, 'आली तुमची.' पंधरा वर्षं ती शिटा भरून धारूर-तेलगाव पळाली. मी चालवायचो, भाऊ हिशेब ठेवायचा. बाळंतिणी, वऱ्हाडं, इलेक्शनची माणसं, ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला निघालेले मुकादम, सगळ्यांना तिनं वाहिलं. भाऊ गेला. त्याचा अर्धा वाटा वैनीच्या नावावर आला, म्हणजे जीप अर्धी तिची आहे. पण १९९१ पासून वैनी त्या जीपमध्ये बसलेली नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत पोरगा चाकणहून परत आला. आयटीआयला मोटर मेकॅनिक झालेला, पाच वर्षं कंपनीत काम केलेला. आल्यावर चार दिवस झोपला आणि पाचव्या दिवशी जीपखाली शिरला. संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "आण्णा, हिचे पुढचे ड्रम काढून डिस्क बसवू."

मी म्हणालो, "कामून? ड्रमावर अख्खा मराठवाडा हिंडला. मपलंच काय अडलंय?"

खरं सांगायचं तर अडत होतं. जीप ब्रेक मारला की डावीकडं ओढायची. ओढ्यातून बाहेर निघाली की पहिले दोन-तीन ब्रेक लागायचेच नाहीत, आणि मग एकदम असे लागायचे की मागचा माणूस पुढच्याच्या मांडीवर. ड्रमाचा तो स्वभावच आहे. बंद डबा असतो तो. आत दोन अर्धचंद्रासारखे शू, त्यांना लायनर चिकटवलेलं. पेडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि फिरत्या डब्याला आतून घासतात. पाणी आत शिरलं की लवकर निघत नाही, धूळ शिरली की तिथंच राहते, आणि उष्णता झाली तर तिला बाहेर पडायला वाट नाही. पूर्वीचे मिस्त्री ड्रम उघडला की तोंडानं फुंकर मारून आतली काळी भुकटी उडवायचे. मीही कितीदा उडवली. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत बसतं, हे कुणाला माहीत होतं?

पोरानं मला मोबाइलवर काहीबाही दाखवलं. चकतीच्या ब्रेकची कल्पना काही कालची नाही. १९०२ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरनं त्याचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हाचे रस्ते मातीचे. चकतीला धरणारी तांब्याची गुटकी धुळीनं भराभर झिजायची. पुढं १९५३ साली फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनं डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा कुठं मोटारवाल्यांचं तिकडं नीट लक्ष गेलं. पन्नास वर्षं त्या माणसाचं काम धुळीपायी अडलं म्हटल्यावर मला तो आपल्याकडचाच वाटला.

तरी मी महिनाभर होकार दिला नाही. एक तर जुनी वस्तू मूळची असावी असं मला वाटतं. पुण्याकडचे शौकीन जुन्या जीपा शोधत येतात ते बोल्टसुद्धा मूळचे आहेत का बघतात. दुसरं कारण मी पोराला सांगितलं नव्हतं.

कागदाचं आधी बघितलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करायला मनाई आहे, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. म्हणून जीपचे कागद घेऊन आरटीओत विचारून आलो, आणि मगच पान्याला हात लावला. पुष्कळ जण उलटं करतात.

काम लिंबाखालीच काढलं. पुढची दोन्ही चाकं उतरवली, धुऱ्याखाली लाकडाचे ठोकळे दिले. ड्रम निघता निघेना. बारा वर्षांत कुणी उघडला नव्हता. हातोडीनं कडेकडेनं ठोकत, डिझेल सोडत दुपारी एकदाचा निघाला. आतून तो आरशासारखा चकचकीत झालेला आणि त्यावर निळसर डाग. पोरगा त्या डागांवरून बोट फिरवत म्हणाला, "हा ड्रम लै तापलेला हाय कवातरी. चांगलाच तापल्याशिवाय आसा निळा पडत न्हाई."

मी काही बोललो नाही. हबाचं ग्रीस पुसत बसलो.

मग त्यानं पाइप तपासायला घेतले. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकच, तोही पायाखाली फळीच्या खाली. त्यातून एकच वाट निघते आणि चारी चाकांना जाते. कुठंही एक पाइप फुटला की चारी ब्रेक गेले. पोरगा पाइपाच्या कडेनं हात फिरवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं,

"आण्णा, तवा घाटात पाइप फुटला म्हणता ना तुमी, तो कुठला? हे तर सगळे जुनेच दिसायलेत. जोड कुठंच न्हाई."

तीस वर्षं मी तो पाइप फुटल्याचं सांगत होतो. भावाला सांगितलं, पावण्यारावळ्यांना सांगितलं, पोराला लहानपणी गोष्टीसारखं सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाच तो फुटलेला दिसायचा. आणि आता पोरगा त्याच पाइपाला हात लावून विचारत होता.

झालं होतं ते असं. १९९१ चा फेब्रुवारी, लग्नसराई. धारूरहून तेलगावकडं निघालो. आत, मागं आणि लोंबकळणारे धरून सोळा माणसं. वैनी माहेरच्या लग्नाला निघालेली, मागच्या बाकावर दाराशी बसलेली. धारूरचा घाट ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. रस्ता अरुंद, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळण असं की समोरून येणारी गाडी नाकासमोर आल्यावरच दिसावी. तेव्हा आम्ही सगळेच जीपवाले एक शहाणपणा करायचो. घाटमाथ्यावर आलं की गाडी न्यूट्रल करायची. उतारावर ती आपोआप पळते, डिझेल वाचतं. वाचून किती वाचायचं? दोन कप चहाचे पैसे. पण रोजच्या चार फेऱ्या धरल्या की महिन्याला लायनरचा खर्च निघतो, असा आमचा हिशेब. लायनर त्याच्यामुळंच झिजायचं, हे मात्र हिशेबात नव्हतं.

गाडी गिअरात असली की इंजिनच तिला मागं ओढून धरतं. बैलगाडीचं उदाहरण देतो. भरली गाडी उतरणीला लागली की वजन बैलांच्या मानेवर येतं. बैल पाय रोवून, मागं रेटत उतरतात. जू तोडून बैल बाजूला केले आणि नुसता चाकाखाली धोंडा टाकत घाट उतरायचा म्हटलं तर काय होईल? न्यूट्रल म्हणजे बैल सोडून दिल्यासारखंच. सोळा माणसांचं आणि लोखंडाचं सगळं वजन त्या चार डब्यांवर.

निम्म्या घाटात पेडल दगडासारखं कडक झालं. दाबतोय, गाडी धरत नाही. लायनर तापून गुळगुळीत झालं की असंच होतं. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. शूला त्याला गाठायला आणखी बाहेर यावं लागतं. पुढच्या वळणावर पेडल एकदम खालीच गेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. आमचं ऑइल किती वर्षं बदललं नव्हतं देव जाणे. तापल्यावर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं की नुसती वाफ दाबली जाते. हे सगळं मला आता पोरानं सांगितलंय. तेव्हा मला एवढंच कळलं की पायाखाली काही नाही.

दुसरा गिअर टाकायला गेलो तर नुसता खर्र आवाज, पडेना. हॅन्डब्रेक ओढला. या जीपचा हॅन्डब्रेक मागच्या चाकांवर नसतो, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागून धूर निघाला, गाडी आडवी व्हायला लागली. मी स्टेअरिंग डोंगराच्या अंगाला कापलं. जीप नालीत उतरून पंचवीस-तीस फूट डोंगर घासत गेली आणि थांबली. डावी बाजू पत्र्यासकट सोलून निघाली. दोघांना मुका मार, एकाचं डोकं फुटलं, आणि दाराशी बसलेल्या वैनीचा डावा हात कोपरात मोडला.

अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. पण हरभरा काढायला आलेला. वैनीनं वेळेआधीच विळ्यानं प्लास्टर कापून टाकलं आणि रानात गेली. हात तसाच राहिला, कोपरातून वाकडा. भाकरी थापताना ती तो हात परातीच्या कडेला टेकवून ठेवते.

गाडी ओढून आणल्यावर आमच्या मिस्त्रीनं खालून बघितलं. मी त्याच्या आधीच बोलून टाकलं, "पाइप फुटला." तो थोडा वेळ खालीच राहिला. बाहेर आला आणि नुसतं म्हणाला, "हं." त्यानं भावाकडून पाइपाचे पैसे घेतले नाहीत, हे मला नंतर कळलं. भावानंही कधी विचारलं नाही, पैसे कसे नाही घेतले म्हणून.

हे सगळं मी त्या दिवशी लिंबाखाली पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. माझी समजूत घालायला गेला नाही, की रागावलाही नाही. मग म्हणाला, "न्यूट्रलला डिस्कनंबी काय होत न्हाई आण्णा. ती थोडी जास्त वेळ टिकंल, एवढंच." आणि पान्याचा दहा नंबर मागितला.

पुढचे आठ-दहा दिवस कामात गेले. ज्यांना आपल्या जुन्या गाडीला हे करायचंय त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण आम्ही चुकलोही.

डिस्क आणि कॅलिपर महिंद्राच्याच नंतरच्या गाडीचे घेतले. जुन्या ब्रेकची पत्र्याची पाठ ज्या सहा बोल्टांवर बसते, त्याच बोल्टांवर कॅलिपर धरणारी बारा मिलिमीटरची प्लेट बसवायची होती. ती बीडला कापून घेतली. मी म्हणालो, वेल्डिंगवाला गावातच आहे, जोडून घेऊ. पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला की मी गप्प बसलो. ब्रेकच्या वजनाच्या जागी वेल्डिंग नाही. हब लेथवर चढवून त्याचा चेहरा सरळ करून घेतला, नाहीतर डिस्क भोवऱ्यासारखी डुलते आणि पेडल पायाला टोचे मारतं. टर्नर जुना माणूस. त्यानं डिस्क फिरवून काटा लावला, कागदाच्या जाडीएवढंही डुलू दिलं नाही.

जुन्या पाइपाचे आटे इंची आणि नव्या कॅलिपरचे मिलिमीटरचे. पान्यानं जोर केला तर दोन-तीन आटे धरतातही, आणि माणसाला वाटतं बसलं. ब्रेक जोरात मारल्यावर ते सुटतं. आम्ही सगळे पाइप नवेच करून घेतले, जोडावर तांब्याचे वायसरही नवे.

डिस्कला पाय जास्त लागतो, हे मला माहीत नव्हतं. ड्रमातला पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमाबरोबर स्वतःच आत ओढला जातो, पाचरीसारखा. त्यामुळं ड्रम थोड्या जोरावर धरतो. चकतीला ती फुकटची मदत नाही, तिला दोन्ही बाजूंनी नुसतं चिमटीत धरायचं असतं. म्हणून बूस्टर लागतो, आणि बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात तो आपोआप मिळतो, डिझेलला नाही. मग अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर शोधावा लागला. म्हणजे आता या जीपचं इंजिन उतारावर बंद केलं की एक-दोन पेडल झाल्यावर बूस्टरची मदत संपते. पूर्वी काही जण न्यूट्रल तर करायचेच, वर चावीही बंद करायचे.

मास्टर सिलिंडर पायाखालून काढून पुढच्या पत्र्यावर वर नेला, दोन कप्प्यांचा. पुढच्या चाकांना एक कप्पा, मागच्यांना दुसरा. एक गेला तरी एक राहतो. मागचे ड्रम आम्ही तसेच ठेवले. ब्रेक मारल्यावर वजन पुढं येतं, त्यामुळं खरं काम पुढच्या चाकांचंच.

आता चुका. हवा काढायला सगळं घर कामाला लावलं. नातू पेडलवर, मी बाटली धरून, पोरगा खाली. दाब, धर, सोड. दुपारभर हवा निघतच होती आणि पेडल गादीसारखं मऊ. चार वाजता पोरानं कपाळावर हात मारला. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसला होता. हवा काढायचा निप्पल त्यामुळं खालच्या अंगाला गेलेला. हवा वर राहते, ती खालून कशी निघणार? बदलले आणि दहा मिनिटांत पेडल घट्ट.

दुसरी चूक चालवल्यावर कळली. पाच किलोमीटर जाऊन आलो तर पुढची चाकं भाजतील इतकी तापलेली आणि जीप ढकलली तर हलेना. ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाइपात थोडा दाब राखून ठेवतो, म्हणजे शू ड्रमाच्या जवळ राहतात. डिस्कला तो दाब नको. पॅड चकतीला चिकटूनच राहतात. आम्ही आणलेल्या सिलिंडरला तो व्हॉल्व्ह दोन्ही कप्प्यांना होता. पुढच्या कप्प्यातला काढला. ऑइल डॉट-४ भरलं, ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण पाणी प्यालं की १५५ वर येतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, असं पोरानं झाकणावर ऑइलपेंटनं लिहूनच ठेवलंय.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. रानातल्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगानं नेऊन हळूहळू थांबवायची, असं पंचवीस-तीस वेळा केलं. शेवटी मी मुद्दाम जोरात पाय दिला. जीप नाक खाली करून जागच्या जागी उभी राहिली. डावीकडं ओढलं नाही. मला हसू आलं आणि कसंतरीही झालं.

पुढच्या आठवड्यात माजलगावला वैनीच्या भाचीच्या घरी वास्तुशांत होती. एसटीचं काही खरं नव्हतं. पोरगा म्हणाला, "मोठ्या आई, जीपनं चला." मला वाटलं नाही म्हणेल. तिनं लुगडं झटकलं आणि म्हणाली, "भाऊजी चालवणार असतील तर यिते."

पोरानं चावी माझ्या हातात दिली. वैनी पुढं बसली, माझ्या शेजारी. वाकडा हात मांडीवर. धारूर सुटलं, घाटमाथा आला. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतलं. इंजिन ओरडायला लागलं, जीप स्वतःला धरून उतरायला लागली. पहिल्या दोन वळणांना मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही.

तिसऱ्या वळणाला वैनी बोलली. रस्त्याकडंच बघत.

"गिअरात हाय नव्हं?"

"हाय."

"आवाज यिऊ द्या आसाच. तवा आवाज आला न्हवता."

मी तिच्याकडं बघितलं नाही. घाटात बघताही येत नाही. मागं पोरगा बसला होता, त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती मागं दाराशी बसली होती आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचा तो दणका एकदम खाली गेलेला तिला ऐकू आला होता. तीस वर्षं तिनं भावाला सांगितलं नाही, मला विचारलं नाही, फक्त जीपमध्ये बसली नाही.

डोंगर सोललेली जागा अजून ओळखू येते, निदान मला. तिथून पुढं गेलो. मी म्हणालो, "वैनी, पाइप फुटला न्हवता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "समोर बगा. ट्रक हाय."

ट्रक होता, उसानं भरलेला, चढाला लागलेला. मी पाय दिला, जीप डोंगराच्या अंगाला दबून थांबली, ट्रक फुसफुसत निघून गेला. पुन्हा दुसऱ्यात घातली.

घाट संपल्यावर गाडी बाजूला घेतली. पोरगा उतरून चारी चाकांच्या हबांना हात लावून आला. मागचे गार, पुढचे कोमट. "बरोबर हाय," म्हणाला. तेलगावला चहा घेतला. वैनीनं बशी उजव्या हातात धरली आणि म्हणाली की माजलगावात गेल्यावर आधी तिला बांगड्यांच्या दुकानात न्या, वास्तुशांतीला रिकाम्या हातानं जायचं नाही.